घटात कुणाच्या घरचे बी?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पितृपक्ष चालू आहे. आठ दिवसांनी सर्वपित्री अमावस्या आणि तिच्या दुसऱ्या दिवशी घट बसतील. बैठकीच्या पत्रिकेवर विषय लिहिला आहे 'रब्बीचे बियाणे', आणि आम्ही उभे राहिलो ते देवीच्या नवरात्रावर बोलायला. मागच्या रांगेतल्या भावांच्या कपाळावर आठ्या दिसतात. भाव, वीज, कर्ज सोडून हे आता कीर्तन करायला लागले की काय, असे त्यांना वाटत असेल.

कीर्तन करायचे नाही. पत्रिकेवर आहे तोच विषय आहे. पण बियाण्याची गोष्ट कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर सुरू होत नाही. ती आपल्या घरात, देवघराच्या कोपऱ्यात सुरू होते. तिथूनच सुरुवात करू.

घटात काय असते?

हे भावांना विचारून उपयोग नाही, मायबहिणींनाच विचारले पाहिजे. अमावस्येच्या आधी घर सारवून, धुऊन घ्यायचे. गोधड्या-वाकळा नदीवर नेऊन धुवायच्या. वावरातली काळी माती आणायची. ढेकळे फोडून ती चाळायची, कुणी तिच्यात थोडे शेणखत मिसळते. पत्रावळीवर किंवा परडीत मातीचा थर द्यायचा. मधोमध कुंभाराकडून आणलेला मातीचा घट पाण्याने भरून ठेवायचा. त्याच्या तोंडाशी विड्याची पाने आणि वर नारळ. भोवतीच्या मातीत धान्य पेरायचे. कुठे पाच, कुठे सात, कुठे नऊ प्रकारचे. गहू, ज्वारी, हरभरा, जवस, करडई, मूग, साळ, जिथे जे पिकते ते. शेजारी नऊ दिवस अखंड दिवा. रोज एक माळ वरून सोडायची. पहिली विड्याच्या पानांची, मग तरवडाच्या फुलांची, कारळ्याच्या फुलांची, तिळाच्या फुलांची, झेंडूची. दसऱ्याला घट उठतो आणि वीतभर वाढलेले पिवळे धान देवाला वाहून टोपीत, फेट्यात, कानावर खोवले जाते.

देशावर आपण म्हणतो घट बसले. कोकणात याच कामाला रुजवण घालणे म्हणतात. शब्दच बघा, रुजवण! उत्तरेत याच दिवसांत मातीत जव पेरतात. बंगालची दुर्गापूजा मोठ्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. पण तिथेही सप्तमीला सकाळी केळ, अळू, हळद, बेल, डाळिंब, अशोक, भात अशा नऊ वनस्पती एकत्र बांधतात, नदीवर न्हाऊ घालतात, साडी नेसवतात आणि देवी म्हणून गणपतीशेजारी उभ्या करतात. नवपत्रिका तिचे नाव. भाषा बदलली, मुलूख बदलला, तरी देवीच्या पूजेत पीक आहेच.

आता हेच सगळे कृषी पदवीच्या चष्म्यातून पाहू. कॉलेजात आम्हाला बीजपरीक्षण शिकवले. बी मोजून घ्या, ओलाव्यात ठेवा, ठरल्या दिवशी अंकुर मोजा. प्रयोगशाळेत शंभर-शंभर दाण्यांचे चार गट ठेवतात. मुगाची शेवटची मोजणी सातव्या दिवशी, गव्हाची आणि हरभऱ्याची आठव्या दिवशी, ज्वारीची दहाव्या दिवशी. दिवस ध्यानात घ्या, सात, आठ, दहा. घट उठतो कधी? दसऱ्याला, म्हणजे दहाव्या दिवशी. तोपर्यंत यातल्या प्रत्येक धान्याचा निकाल लागलेला असतो.

मातीचा घटही बघा. कुंभाराचे भांडे पाझरते. आतले पाणी भिंतीतून थेंबाथेंबाने बाहेर येते आणि माती कोरडी पडेल तसे ओढले जाते. वेलींच्या बुडाशी मडके पुरून पाणी देण्याची जुनी पद्धत याच तत्त्वावर चालते. ठिबकचा शोध लागायच्या कितीतरी आधी आपल्या आज्यांच्या देवघरात ठिबक चालू होते. ज्यांच्या घरी तांब्याचा कलश बसतो, त्यांना रोज वरून पाणी शिंपडावे लागते, कारण तांबे पाझरत नाही.

आणि हा सण येतो कधी? खरीप काढणीला आलेला, रब्बी पेरणीच्या तोंडावर. कोरडवाहू रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्यातली. कोरडवाहू हरभराही त्याच सुमारास. बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. काही वर्षी ज्वारीचा पेरा घट बसायच्या आधीच उरकतो हे खरे. पण गव्हा-हरभऱ्याचे बी अजून कणगीत असते. त्याच वेळी घरातली बाई कणगीतले मूठभर धान्य काढते, स्वतःच्या वावरातल्या मातीत टाकते आणि दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवते.

म्हणून नवरात्र हा बीजपरीक्षणासाठी काढलेला सण आहे, असे आम्ही म्हणणार नाही. असे कुठे लिहून ठेवलेले नाही. भक्ती ही भक्तीच आहे, तिला शास्त्राच्या दाखल्याची गरज नाही. आमचे म्हणणे एवढेच की पेरणाऱ्यांच्या घरातली ही पूजा आहे, आणि बी उगवते की नाही हे पाहिल्याशिवाय ती पुरी होत नाही. ज्याने हा विधी बसवला, किंवा जिने बसवला, तिला शेती येत होती.

देवीच्या दोन गोष्टी

देवीची एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. महिषासुर मातला, देवांना भारी पडला. सगळ्या देवांच्या तेजातून देवी प्रकट झाली, प्रत्येकाने तिला आपले शस्त्र दिले, तिने महिषासुराला मारले. वणीची सप्तशृंगी अठरा हातांची आहे ती याच गोष्टीतली. मंडळांच्या मंडपात हीच गोष्ट उभी राहते. तिला लाइटिंग आहे, मिरवणूक आहे, ढोल आहे, आता डीजेही आहे.

याच गोष्टीची आणखी एक बाजू शेतकऱ्याला माहीत आहे. तुमच्या बांधावर शेंदूर फासलेला दगड कुणाचा? म्हसोबाचा. नांगरट सुरू करताना नारळ कुणाला? म्हसोबाला. इतिहासकार दा. ध. कोसंबी यांनी पुण्याच्या आसपासची खेडी पायी हिंडून या देवस्थानांचा अभ्यास केला आणि १९६२ साली छापलेल्या पुस्तकात तो मांडला. एका ठिकाणी म्हसोबाचे देवीशी लग्न लागलेले, तर दुसऱ्या ठिकाणी देवी त्याच महिषाला मारते आहे, असे त्यांना दिसले. आपण घरात महिषासुरमर्दिनीचा घट बसवतो आणि वावरात म्हसोबाला नारळ फोडतो. दोन्ही एकाच घरात, एकाच हाताने. गावाने कुणाला टाकून दिले नाही.

देवीची दुसरी गोष्ट मात्र मंडपात दिसत नाही. ती शाकंभरीची. देवीमाहात्म्यात ती येते. शंभर वर्षे पाऊस पडला नाही. तेव्हा देवी आली आणि तिने आपल्या अंगातून भाजीपाला उगवला, पाऊस येईपर्यंत त्यावर जग पोसले. शाक पुरवून पोषण केले म्हणून ती शाकंभरी. पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत तिचे नवरात्र असते. तुळजापूरला ते मोठ्या प्रमाणावर होते आणि अनेक घरांत पौर्णिमेला जमतील तेवढ्या भाज्या करून नैवेद्य दाखवतात. दुष्काळ पाहिलेल्या माणसांनी रचलेली ही गोष्ट आहे. शस्त्र नाही, लढाई नाही. उपाशी माणसाला खायला घालणे एवढाच तिचा पराक्रम.

माहूरच्या रेणुकेचे नाव घ्या. रेणू म्हणजे मातीचा कण. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ साली 'लज्जागौरी' हा ग्रंथ लिहिला. रेणुका-यल्लम्मा ही मुळात भूमाता आहे आणि वारूळ हे तिचेच रूप आहे, असे त्यांनी पुराव्यानिशी मांडले. म्हणजे जिच्या नावाने आपण उदो म्हणतो ती आपल्या पायाखालची मातीच आहे.

युद्धाची गोष्ट वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. पण दोन गोष्टींपैकी एक गोष्ट चौकात मोठ्या आवाजात चालते, तिची वर्गणी गोळा होते, तिला पुढारी येतात. दुसरी गोष्ट देवघराच्या कोपऱ्यात, न बोलता, बाईच्या हाताने चालते. तिला वर्गणी नाही, उद्घाटन नाही. पण शेतकऱ्याची स्वतःची गोष्ट हीच, आणि हीच हातातून सुटत चालली आहे.

बी कुठे गेले?

गेल्या काही वर्षांत बाजारात एक नवी वस्तू आली आहे. घटाच्या साहित्याची पुडी. प्लॅस्टिकच्या पिशवीत सात धान्ये, कागदात हळदकुंकू, शेजारी पिशवीत काळी माती! शहरातल्या माणसाने ती घेतली तर आमची तक्रार नाही, तो माती आणणार कुठून? पण दहा एकरांचा धनी आठवडी बाजारातून मातीची पिशवी घेऊन येताना दिसतो. ज्याच्या घरी पायली-पायलीने ज्वारी असायची त्याची कारभारीण घटासाठी धान्याची पुडी मागवते. का? कारण घरात पेरणीजोगे बी उरलेले नाही. गहू दुकानातला, तोही पीठ करून आणलेला. हरभऱ्याची डाळ आहे, आणि डाळ काही उगवत नाही.

हे एका दिवसात झाले नाही. १९६४ साली ज्वारीचा पहिला संकरित वाण सीएसएच-१ आला. उत्पादन वाढले, आपण तो घेतला, त्यात काही वावगे नव्हते. पण संकरित बियाण्याचे दाणे पुढच्या वर्षी पेरले तर तसे पीक येत नाही, ते दरवर्षी विकतच घ्यावे लागते. २००२ साली बीटी कापूस आला, कापसाचे घरचे बी बंद झाले. तिथवर समजण्यासारखे आहे. पण ज्या पिकांत विकत घेण्याची गरज नाही, तिथेही सवय लागली. गहू, हरभरा, सोयाबीन, मूग, करडई, मालदांडी ज्वारी यांचे सरळ वाण असतात. निवडून, वाळवून, नीट ठेवले तर घरचे बी चालते. सोयाबीनचे प्रमाणित बी एकदा आणले की पुढची दोन-तीन वर्षे त्याच्याच पिकातून बी धरता येते. तरीही मृगाच्या तोंडावर आपण दुकानापुढे रांग लावतो.

२०२० सालचा खरीप आठवा. सोयाबीन पेरले आणि उगवलेच नाही. राज्यभरातून हजारो तक्रारी गेल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. आदल्या वर्षी, २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, काढणीच्या वेळी पावसाने सोयाबीन भिजले होते. ते दाणे बी म्हणून कमजोर होते. पंचनामे झाले, कागद हलले, पण ज्याचा पेरा गेला त्याचा मृग परत आला नाही. त्या वर्षी ज्यांनी पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहिले ते सावध झाले. शंभर दाणे आणि एक गोणपाट, एवढाच खर्च होता.

पूर्वी ही तपासणी घरात कोण करत होते? ज्वारीची कणसे खळ्यावर जायच्या आधी भरदार, टपोरी कणसे बाजूला काढून आढ्याला टांगायची कोण? बियाण्यात राख आणि कडुनिंबाचा पाला कालवायची कोण? वाल कुठल्या फडक्यात, दोडका कुठल्या गाडग्यात, हे अंधारातही सांगायची कोण? आजी. घट बसवायचीही तीच. पूजा आणि बियाणे ही तिच्यासाठी दोन खाती नव्हती. बी दुकानात गेले तेव्हा पिशवीचे पैसे वाढले एवढेच झाले नाही. शेतीतले एक खाते बाईच्या हातून निघून गेले, आणि तिच्याकडे उरली फक्त पूजा.

घटापासून लांब ठेवलेल्या

मायबहिणींनो, आता थोडे कडू बोलतो.

नवरात्र म्हणजे सोयाबीन काढणीचे आणि कापसाच्या पहिल्या वेचणीचे दिवस. पहाटे उठून घटाची पूजा, दिव्यात तेल, नऊ दिवसांचा उपवास, अनवाणी पाय, आणि तसेच दिवसभर वावरात. तुळजापूरची भवानी नवरात्राआधी भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावस्येपर्यंत निद्रेत असते. दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले की पौर्णिमेपर्यंत पुन्हा निद्रा. तिला श्रमनिद्रा म्हणतात. नगरकडून देवीचा पलंग मानाने येतो. केवढी समज आहे त्यात! देवीलासुद्धा कष्टानंतर झोप लागते, हे ज्या समाजाने मानले, त्या समाजात नऊ दिवस उपाशीपोटी काढणी करणाऱ्या बाईच्या श्रमनिद्रेचा मान कुणाकडे आहे? दसऱ्याला तर पहाटेपासून पुरणपोळी.

घट नीट उगवला नाही तर बोल कुणाला? सुनेला. काहीतरी विटाळ झाला म्हणतात. कारणे आम्ही सांगतो. बी जुने असेल, किडके असेल. पाणी जास्त झाले तर गहू कुजतो, बुरशी धरतो. घट आतून रंगवलेला किंवा तैलरंग दिलेला असेल तर पाझरत नाही आणि माती कोरडी पडते. पेरणीसाठी औषध लावलेले लाल-गुलाबी बी तर देवघरात आणूच नये, त्याला विषारी औषध असते. आणि धान पिवळे का? त्याला उजेड मिळत नाही म्हणून. उजेड नसला की पानात हिरवा रंग तयार होत नाही. यात सुनेचा काय संबंध?

पाळी आली की तिला घटाजवळ जायचे नाही. पण त्याच दिवसांत तिने काढलेले सोयाबीन चालते, वेचलेला कापूस चालतो. आसामात कामाख्येचा अंबुवाची उत्सव असतो. धरणीमातेला पाळी आली असे मानतात आणि त्या दिवसांत जमीन नांगरत नाहीत. ओडिशात रज-संक्रांतीला असेच तीन दिवस जमिनीला आणि बायांना दोघींनाही विसावा. म्हणजे ज्या गोष्टीला इथे विटाळ म्हणतात तीच तिथे सुपीकतेची खूण आहे. देवीच्या घरात दोन्ही चालते, तर कुठले धरायचे आणि कुठले सोडायचे हे आपणच ठरवायचे.

आणि सगळ्यांत जास्त लांब ठेवली जाते ती नवरा गेलेली बाई. कर्जापायी ज्याने जीव दिला त्याची बायको दुसऱ्या दिवसापासून शेत बघते. बैल, मजूर, बँक, तलाठी, सगळे ती करते. बी ती निवडते, पेरते ती. आणि घट बसताना ती दाराआड. हळदकुंकवाला बोलावणे नाही, ओटी भरायला हात नाही. घटातली माती तिच्या वावरातली, धान्य तिने पिकवलेले, आणि पूजेला ती अशुभ! ज्या देवीला आई म्हणायचे, तिच्या दारात आईलाच मज्जाव. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसे करायला सांगितले. ठराव कागदावर राहतात. घट घराघरात बसतो. बदल व्हायचा तर तिथेच होईल.

खंडेनवमीला अवजारांची पूजा होते. ट्रॅक्टरला झेंडूचा मोठा हार, फवारणीच्या पंपालाही हार. खुरप्याला? ज्या घरात पूजेच्या पाटावर खुरपे असते त्यांनी हात वर करावेत. ... मोजायला फार वेळ लागला नाही. दसऱ्याला शिलंगण. पेरते ती, पाणी घालते ती, आणि धान टोपीत खोवून शिवेबाहेर सोने लुटायला जातो तो. सातबाऱ्याचेही तसेच आहे. जमिनीला आई म्हणायचे, पण जमिनीच्या कागदावर आईचे नाव नाही.

१९९०च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता. ज्या गावात शंभर घरांनी जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावे केला ते लक्ष्मीमुक्ती गाव. कुणी मोर्चा काढायला सांगितले नाही, घरातल्या घरात करायचे होते, आणि लोकांनी केले. २००५ साली हिंदू वारसा कायदा बदलला आणि मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क मिळाला. विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वारसहक्क १९५६च्या कायद्यापासूनच आहे. कायदा देवीच्या बाजूचा आहे. अडते ते आपल्या उंबऱ्यावर.

या नवरात्रात काय करायचे?

भाषण ऐकून टाळ्या वाजवून घरी जायचे असेल तर बैठक कशाला? पाच कामे सांगतो. पैसे लागत नाहीत.

एक. घटात घरचे बी. या रब्बीत जे पेरणार तेच घटात टाकायचे. घरी नसेल तर शेजाऱ्याकडून मूठभर मागा. बी मागण्यात कमीपणा नाही, जोगवा मागणारीही परडी घेऊन दारोदार धान्यच मागते. माती आपल्याच वावरातली. घट कुंभाराचा, बिनरंगाचा.

दोन. घटाशेजारी मोजणी. घटात धान्य दाट पडते, त्यावरून अंदाज येतो, हिशेब येत नाही. म्हणून त्याच दिवशी ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडा, दुसरे ओले गोणपाट वर घाला, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज ओल राखा. आठव्या दिवशी गहू-हरभऱ्याचे सशक्त अंकुर मोजा, ज्वारीचे दहाव्या दिवशी. गहू आणि हरभरा ८५ किंवा वर, ज्वारी ७५ किंवा वर, तर बी उत्तम. कमी आले तर बियाण्याचे प्रमाण त्या हिशेबाने वाढवा. एकरी ३० किलो हरभरा लागतो आणि उगवण ८५ ऐवजी ७५ आली, तर ३० गुणिले ८५ भागिले ७५, म्हणजे ३४ किलो. फारच कमी आले तर ते बी पेरू नका. हीच रीत पुढच्या मृगाआधी सोयाबीनला लावा. तिथे प्रमाण ७० टक्के आणि एकरी ३० किलो. ६० आली तर ३५ किलो. आणि घट दाट उगवला म्हणजे त्या पिकाला यंदा पाऊस चांगला, असे समजू नका. घट बियाण्याचे सांगतो, आभाळाचे सांगत नाही.

तीन. बीजवही. घरातल्या आजीने, सासूबाईंनी सांगावे आणि शाळेत जाणाऱ्या नातीने लिहावे. कुठले बी, कुणाकडून आले, कसे ठेवले, किती उगवले. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ साली झाला. आपल्या पिकातले बी ठेवणे, पेरणे, पुन्हा पेरणे, देणे-घेणे, विकणे हा हक्क त्यात शेतकऱ्याला आहे. संरक्षित वाणाचे बी ब्रँड लावून मात्र विकता येत नाही. कायद्याने दिलेला हक्क वापरायला घरात बी असावे लागते.

चार. पहिली माळ तिच्या हाताने. गावात जिचा नवरा गेला आहे आणि जी शेत करते, तिला या वर्षी घट बसवायला बोलवा. तिच्या हाताने धान्य पेरा, तिची ओटी भरा. खंडेनवमीला पाटावर खुरपे ठेवा. सासूबाईंनी पुढाकार घेतला तर कारभाऱ्यांची बोलायची ताकद नाही, हे आम्ही अनेक गावांत पाहिले आहे.

पाच. दसऱ्याचे सोने. आपट्याची झाडे ओरबाडून पाने वाटण्यापेक्षा या दसऱ्याला खरे सोने द्या. सातबाऱ्यावर घरच्या लक्ष्मीचे नाव लावण्याचा अर्ज तलाठ्याकडे द्या. पतीने अर्ज केला तर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येते. विधवा भावजयीची वारस नोंद अडवून ठेवली असेल, तर ती आधी मोकळी करा. आणि आपटा बांधावर लावा, तरवड उपटून टाकू नका. उद्याच्या माळा त्याच्यावर आहेत.

भावांनो, घट मानायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. या बैठकीत मानणारे आहेत, न मानणारे आहेत, दुसऱ्या धर्माचेही आहेत. पण शंभर दाणे मोजायला कुठलाही धर्म आड येत नाही, आणि घरच्या बाईला जमिनीत आणि मानात वाटा द्यायलाही येत नाही.

पुढची बैठक कोजागिरीनंतर आहे. येताना मायबहिणींनी बीजवही आणावी. किती दाण्यांपैकी किती उगवले, तो आकडा प्रत्येकीने उभे राहून सांगायचा आहे. त्या दिवशी भाषण नाही. आम्ही खाली बसून लिहून घेणार आहोत.